अडीच फुटांचं दार

नत्थूजी चावीवाल्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. एका हातात कंदील, खांद्यावर हातोडा, आणि पायाखाली छोटी लाईन, म्हणजे नॅरोगेज. रूळ आवळून धरणाऱ्या लोखंडी पाचरीला आम्ही चावी म्हणतो. सैल झालेली प्रत्येक चावी तो ठोकत जायचा. आम्ही बाकीचे गँगवाले चहा पिऊन सब्बल, म्हणजे पहार, उचलायचो, तेव्हा हा अर्धं काम उरकून परत येत असायचा. वर म्हणायचा, "उठले का साहेबलोक?"

मोहटोला गाव लाईनमुळेच वसलं. इतवारीहून निघालेल्या इंजिनाला उमरेडच्या आधी पाणी लागायचं, म्हणून टाकी झाली. टाकीजवळ गँगची चाळ, चाळीपुढं किराणा दुकान, मग मारुती. कुणाच्या गोठ्याला रुळाचा खांब, कुणाच्या दारात रुळाखालच्या जुन्या लाकडी स्लीपरचा ओटा. टाकीच्या गळतीवर बाया पाणी भरायच्या.

स्लीपरवर चालून चालून नत्थूजीचं पाऊल ठरून गेलं होतं. सडकेवरही तेवढंच पडायचं. वरातीत पुढं चालला की बँडवाल्याचा ताल चुकायचा, म्हणून त्याला मागं ठेवत. जसं पाऊल, तसंच माप. छोट्या लाईनच्या दोन रुळांत अडीच फूट अंतर. जगात तेवढं एकच माप खरं, असं तो मानायचा. खाटेची रुंदी अडीच, चुलीपासून पाटाचं अंतर अडीच.

अठ्ठ्याहत्तर साली तो रिटायर झाला. फंड आला. टाकीमागं जागा घेऊन त्यानं एका खोलीचं घर काढलं. गिरिधर मिस्त्रीनं दाराचं माप विचारलं, तर त्यानं बांबूचा तुकडा पुढं केला. रुळांत बसवून कापलेला. गिरिधरनं तीन फूट तरी ठेवा म्हणून विनवलं.

"अडीच फुटावर अख्खी गाडी जाते गा," नत्थूजी म्हणाला. "त्यात माणूस जाणार नाही?"

गिरिधरनं अडीच फूट ठेवलं. पैसे नत्थूजीचे होते.

आता त्याच्या बायकोचं, रंभाबाईचं. बदल्यांत तिचा संसार या हॉल्टवरून त्या हॉल्टवर फिरला. डोक्यावर उचलता येणार नाही अशी वस्तू तिनं कधी घेतली नाही. हंगामात ती लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला, कापणीला जायची. मजुरी धानातच मिळायची. चाळीत साठवायला जागा नाही, म्हणून ते धान लगेच दुकानदाराला द्यायचं आणि उन्हाळ्यात त्याच्याचकडून महाग तांदूळ आणायचा. वर्षानुवर्षं हेच. घर झाल्यावर तिनं एकच गोष्ट ठरवली. यंदाचं धान घरात राहील. त्यासाठी तिनं इतवारीतून पत्र्याची कोठी मागवली. गोल, छातीइतकी उंच.

कोठी गाडीनं आली. आम्ही चौघांनी दारापर्यंत नेली आणि ती दारात अडली. उभी केली, आडवी केली, बुडाकडून लावून पाहिली. पेटी असती तर कड फिरवून गेली असती. गोल वस्तूला कड कुठली? आमचे खांदे सोलले, कोठी तसूभर आत गेली नाही.

नत्थूजी म्हणाला, कोठीच चुकली. पत्रेवाल्याला मापाची अक्कल नाही. परत पाठवा.

रंभाबाईनं ती परत पाठवली नाही. कोठी अंगणात राहिली. खोलीत पोती मांडायला जागा नव्हती आणि भरलेली कोठी मग हलली नसती, म्हणून धानाची पोतीही तिच्या बाजूला. पोत्यांना बकऱ्या तोंड लावत, त्या हाकलण्यात तिचा दिवस जायचा. शेजारच्या कोंबडीनं कोठीच्या बुडाशी अंडी घातली. येणारा-जाणारा विचारायचा, "काहून नत्थूजी, सिग्नल भेटला नाही का गा?"

दुकानदार भैयाजी तराजू घेऊनच आला. म्हणाला, बकऱ्या खातील त्यापेक्षा मी घेतो. नत्थूजी हो म्हणणारच होता. मी त्यांच्याच ओट्यावर बसलो होतो. रंभाबाईनं हातातली काठी खाली ठेवली.

"कोठी कायनं आली?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"गाडीनं."

"तुमच्याच छोट्या गाडीनं. तिच्या डब्यात गेली, तिच्या डब्यातून निघाली. मंग तुमच्याच दाराले काहून अडली?"

नत्थूजीनं टाकीकडे पाहिलं, मग रुळाकडे. जन्मभर त्यानं खालचे रूळ पाहिले होते. वरचा डबा दोन्ही बाजूंनी किती बाहेर असतो, याच्याशी चावीवाल्याचा संबंध येत नाही. भैयाजी तराजू घेऊन परत गेला.

दुसऱ्या दिवशी गाडी पाणी घेत उभी असताना नत्थूजी लांब बांबू घेऊन गार्डच्या डब्यापाशी गेला आणि सामानाच्या दाराचं माप घेऊन आला. गिरिधरनं तो बांबू पाहिला आणि म्हणाला, "बोगी बांधता का गा आता?"

नत्थूजीनं त्याला भिंत फोडायला लावली. पक्की होती, गिरिधरचे हात दुखले. नवं दार एवढं झालं की पुढच्या बाजूला भिंत थोडी आणि दारच जास्त. कोठी एका दमात आत गेली. बकऱ्याही गेल्या.

फंडाच्या उरलेल्या पैशात नत्थूजी रेडिओ घेणार होता. ते पैसे सागवानी चौकटीत आणि दाराच्या दोन फळ्यांत गेले. त्या साली रंभाबाईनं धान विकलं नाही.