अंगरख्यावरची अंगठी

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. त्यामुळे भंडाऱ्यात आल्यावर एखादी गोष्ट येत नसली, तर येत नाही असं सांगायची मला लाज वाटायची. रविवारी दुपारी एका सीनिअर ताईच्या खोलीवर, ताई धरून चौघं, आम्ही एक खेळ खेळायचो. तिथंही माझं तसंच. या खेळात प्रत्येकाचं कागदावर एक पात्र असतं. गोष्ट ताई चालवते आणि राक्षसाच्या वतीनं वीस बाजूंचा फासाही तीच टाकते. तिचा आकडा आपल्या बचावाच्या आकड्याइतका किंवा जास्त आला, की वार लागला.

माझा योद्धा होता, बचाव पंधरा. पुढं त्याला जादूचा अंगरखा मिळाला, त्याचे दोन. मग अंगठी, तिचा एक. मी अठरा लिहिले. चार रविवार त्याला कुणी पाडू शकलं नाही, आणि मला त्या अठराचा अभिमान होता.

नियमांची इंग्रजी पानं मी झेरॉक्स करून घेतली होती. माझ्या गावाहून, बपेऱ्याहून, परतताना एसटीत एकेक शब्द लावत वाचत होतो. तुमसरला गाडी थांबली तेव्हा एका ओळीत अडकलो. दोन वस्तू एकाच प्रकारचा बोनस देत असतील तर बेरीज करायची नाही, मोठा तेवढाच धरायचा. माझ्या दोन्ही वस्तू एकाच प्रकारच्या होत्या. म्हणजे सतरा. ही ओळ मी आधीही वाचली होती, फक्त कळली नव्हती.

सांगितलं तर मला इंग्रजी किती येतं ते सगळ्यांना कळणार होतं. नाही सांगितलं तर कुणाला पत्ताही लागला नसता. त्यात आज शेवटच्या राक्षसाशी गाठ होती. भंडारा येईपर्यंत माझं ठरलं नाही.

खोलीवर मी पान ताईपुढे ठेवलं. तिनं ओळ दोनदा वाचली आणि म्हणाली की वस्तू आपणच दिल्या, तेव्हा आपणच पाहायला हवं होतं. मग तिनं मला विचारलं,

"एका बांधीले एकाच बाजूनं दोन धुरे घातले, तं पानी दुप्पट थांबते काय?"

"नाही ताई. उंच धुऱ्याएवढंच."

"मंग दुसरा धुरा दुसऱ्या बांधीले दे."

बांधी म्हणजे धानाचं खाचर, धुरा म्हणजे त्याचा बांध; मी त्यातच वाढलो, तरी हे मला सुचलं नव्हतं. नियम माझ्याकडून काही काढून घेतो आहे असंच मी इतका वेळ समजत होतो.

विणकराच्या घरची एक वर्गमैत्रीण खेळात वैद्य व्हायची. तिच्या वैद्याकडे जादूची एकही वस्तू नव्हती, बचाव तेरा. मी अंगठी तिला दिली. आमच्यातला तिसरा मित्र म्हणाला, "अबे, अंगठी देऊन राहिला, अन् तेही ताईसमोर."

"कागदाची हाय, मनून घेऊन राहिली," ती म्हणाली. तेरा खोडून तिनं चौदा लिहिले.

राक्षसाचा पहिला वार वैद्यावर आला. आकडा तेरा. हुकला. दुसरा माझ्यावर, सतरा. माझा योद्धा पडला. जुन्या अठरावर तो वाचला असता, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

मग वैद्याची पाळी आली. तिनं हल्ला सोडून माझ्या योद्ध्याला उठवलं.

पुढच्या सुट्टीत आईला हे जमेल तसं सांगितलं. तिनं सगळं ऐकून विचारलं, "अंगठी वापस देल्ली काय तिनं?"

मी म्हटलं, मागितलीच नाही.