उजवीकडच्या रुळांवरून निघालेला मिलिंद

मी या फोरमवरचे अनुभव वाचतो ते चुका काढायला. कुणी लिहिलं की ‘तेवढ्यात लाईट गेली’, तर माझा पहिला प्रश्न असतो, फ्यूज बघितला होता का? भूत, आत्मा, करणी... आमच्या घरात यातलं काहीच कुणी मानलं नाही. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरात वाढलोय मी. त्यामुळे हे लिहिताना मला भीतीबिती वाटत नाहीये. वैताग येतोय. सरळ उत्तर नसलेली एकच गोष्ट आयुष्यात घडावी, आणि तिचा दुसरा साक्षीदार असा निघावा की ज्याला त्यात काही विचित्र वाटतच नाही!

साल शहाण्णव, नोव्हेंबर महिना. मी पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावात सिव्हिलमध्ये एमएस करत होतो. एका अपार्टमेंटमध्ये आम्ही चौघं, आणि गाडी फक्त मिलिंदकडे. मिलिंद नागपूरचा, कॉम्प्युटर सायन्सवाला. मला छंद होता बंद पडलेल्या रेल्वेलाईन शोधायचा. माझे वडील भुसावळला रेल्वेत मुकादम होते, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या गँगचे प्रमुख. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या मागे खडीवरून मैलोन्‌मैल चालायचो. तिकडे आल्यावर कळलं की आजूबाजूच्या डोंगरांत कोळशाच्या खाणींकडे जाणारे कितीतरी फाटे बंद पडलेत. रूळ उचलून नेलेत, पण भराव, मोऱ्या, पुलांचे दगडी खांब तसेच आहेत. मग काय... लायब्ररीतून जुने नकाशे झेरॉक्स करायचे आणि शनिवारी मिलिंदला मस्का लावायचा.

त्या शनिवारी सगळंच बिनसलेलं होतं. नदीच्या कडेने दुहेरी मेन लाईन जाते, ती चालू होती. तिच्यापासून एक बंद फाटा निघून डोंगरावर चढतो. नकाशात सुरुवातीलाच पूल दाखवलेला, प्रत्यक्षात पूल गायब. ओढ्यातून जाताना मिलिंदचा एक बूट पूर्ण भिजला. पुढे काटेरी झुडपं, त्यात त्याचं नवं जॅकेट फाटलं.

“अबे, तुझे बाबा पगार घेऊन चालायचे,” तो म्हणाला. “आपण फुकटात कायले चालून राह्यलो?”

“अजून एकच मोरी बघायचीये. अर्धा तास.”

“तू बघ तुझी मोरी. मी गाडीत जाऊन हीटर लावतो यार.”

गाडी आम्ही मेन लाईनच्या फाटकाजवळ लावली होती, साधारण अर्ध्या मैलावर. काट्यांतून परत जायला तो तयार नव्हता. खाली मेन लाईन सरळ फाटकापर्यंत जात होती. रुळांवरून चालायला तिथे बंदी असते, आम्हाला माहीत होतं, तरी आम्ही तो गाढवपणा केला. तुम्ही करू नका. आणि खरा गाढवपणा तर पुढेच आहे. मी अगदी मुकादमाचा मुलगा असल्याच्या थाटात त्याला सांगितलं, “हे बघ, कायम उजवीकडच्या रुळांवरून चालायचं. म्हणजे गाडी समोरून येते, दिसते. मागून येणारी असली तर ती डावीकडच्या रुळांवरून जाते. आमचे बाबा आयुष्यभर असंच चाललेत.”

“नक्की ना?”

“मिल्या, मी रेल्वे क्वार्टरमध्ये जन्मलोय.”

त्याने मान डोलावली, वॉकमनचे हेडफोन कानाला लावले आणि उतारावरून खाली गेला.

मी फाट्याच्या भरावावरून पुढे गेलो. मोरी सापडली. पानं सगळी गळून गेली होती, त्यामुळे झाडांमधून खालची मेन लाईन स्वच्छ दिसत होती. दुपारचे तीन-सव्वातीन वाजले असतील, ऊन होतं. मिलिंद खाली दोनेकशे मीटरवर, फाटकाच्या दिशेने, मान खाली घालून स्लीपर मोजल्यासारखा चालला होता. त्याच्या मागे लाईन डोंगराला वळसा घालते. त्या वळणावर मला इंजिनाचा दिवा दिसला.

पहिल्यांदा मला काहीच वाटलं नाही. मागून येतेय ना, म्हणजे डावीकडची. मग इंजिन वळणातून अजून थोडं बाहेर आलं आणि दिसलं की ते मिलिंदच्याच रुळांवर आहे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने धावतात, रस्त्यावरही आणि रुळांवरही. इथे सगळं उजवीकडून! वर्षभर मी मिलिंदच्या शेजारी बसून उजवीकडून फिरत होतो, आणि रुळांच्या बाबतीत हा विचार माझ्या मनाला एकदाही शिवला नव्हता. मी माझ्या मित्राला बरोबर गाडीच्या पुढ्यात नेऊन सोडलं होतं.

आता नीट वाचा, कारण यावर मला सगळेजण हजार प्रश्न विचारतात. मी ओरडलो नाही. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. एका हातात नकाशा, दुसऱ्या हातात मोजायची टेप, आणि दोन्ही हात छातीशी आवळलेले. मी जागचा हललो नाही. लाज वाटते सांगायला, पण हे असंच झालं.

आणि खाली मिलिंद थांबला.

मागे वळून नाही. समोर बघत थांबला. हेडफोन खाली ओढले. समोर कुणाशी तरी बोलतोय असे हातवारे केले, वैतागून. मग खडीवरून उतरून बाजूच्या चरात गेला. त्याच्यानंतर, किती ते सांगता येणार नाही पण श्वास सोडण्याइतका वेळ गेल्यावर, हॉर्न वाजला आणि कोळशाची ती भली मोठी मालगाडी धडधडत त्याच जागेवरून गेली. मिलिंदच्या पुढची लाईन मला फाटकापर्यंत दिसत होती. सरळ, मोकळी. तिच्यावर कुणीही नव्हतं.

मी पडत-झडत खाली गेलो. गाडी संपेपर्यंत तो चरातच बसून होता, चेहरा पांढराफटक. मला बघून आधी त्याने शिवी हासडली.

“तू इतक्या लवकर वर कसा काय गेला परत?”

“कुठे वर?”

“अबे, आत्ता समोर उभा होता ना! रुळाच्या मधोमध. मी ओरडलो, बाजूला हो, जाऊ दे, थंडी वाजून राह्यली. तर तू एक शब्द बोलला नाही. नुसता असा उभा.” आणि त्याने दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ ताठ करून दाखवले.

लाल झेंडी जवळ नसेल तर गाडी थांबवायला दोन्ही हात असे डोक्यावर धरायचे असतात. रेल्वेच्या घरातल्या पोराला हे चालायला लागल्यापासून माहीत असतं. मिलिंदला माहीत नव्हतं. त्याला वाटलं मी मस्करी करतोय. वैतागून तो बाजूला झाला, एवढंच.

“मिल्या, मी नव्हतो रे तो.”

“तुझंच निळं जॅकेट. तुझ्या आईने विणलेली ती मरून कानटोपी. या अख्ख्या स्टेटमध्ये दुसऱ्या कोणाकडे आहे ती टोपी?”

टोपी माझ्या डोक्यावर होती. जॅकेट अंगावर होतं.

आता तुम्ही म्हणाल, वडील. सगळे तेच म्हणतात, आणि माझं डोकं फिरतं. वडील जिवंत होते, ठणठणीत होते. भुसावळला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे ते घोरत होते. दुसऱ्या दिवशी मी फोन करून त्यांना सगळं सांगितलं. हात वर केलेल्या माणसाबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. एवढंच विचारलं, “तिकडे गाड्या कुठल्या बाजूने धावतात, ते लाईनवर उतरायच्या आधी कुणाला विचारलं होतंस?” त्यांनी फोन आईकडे दिला.

मग लाईनवरचा कामगार? शिकारी? मी दोनदा परत जाऊन त्या मोरीवर उभा राहिलो. एकदा दुसऱ्या रूममेटला खाली फाटकाजवळच्या रस्त्यावर उभं केलं, तर तेवढ्या लांबचाही तो मला दिसला. रुळांवर कुणी असतं तर दिसलंच असतं. आणि कामगाराकडे माझ्या आईने विणलेली टोपी कुठून येणार? मिलिंदला भास झाला म्हणावं, तर भास नेमका त्या क्षणी, आणि त्याला माहीत नसलेल्या खुणेसकट? मला पटत नाही. दुसरं काही सुचत नाही. वर्षानुवर्षं मी तिथेच अडकलोय.

मिलिंद कुठेच अडकला नाही. त्याच्यासाठी गोष्ट सोपी होती... मित्र धावत खाली आला, गाडीसमोर उभा राहिला, जीव वाचवला आणि आता विनयापोटी कबूल करत नाहीये. पुढे तो अमेरिकेतच, अ‍ॅशबर्नला स्थायिक झाला. दर वर्षी एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमाला मी गेलो की हॉलमध्ये प्रत्येकाला सांगणार, “याच्यामुळे मी आहे.” लोक हात मिळवायचे. त्याची मुलगी मला ‘द ट्रेन अंकल’ म्हणायची. मी कितीदा म्हटलं, अरे, तुला त्या रुळांवर मीच पाठवलं होतं. तो हसून म्हणायचा, “आणि तूच वाचवलं. हिशोब क्लियर.” असा राग यायचा!

एका वर्षी त्याची आई नागपूरहून आली होती. मी पाया पडायला वाकलो, तर काकूंनी मला वर उठवलं आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. म्हणाल्या, “बाबू, या हातांनी माझं लेकरू वाचवलं.”

मला ते सहन होईना. मी त्यांना बाहेर बाकावर नेलं आणि सगळं सांगितलं. चुकीची बाजू मी सांगितली. मी वर उभा राहून नुसता बघत होतो. हे हात छातीशी होते, काकू. तो मी नव्हतो.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“रोज सकाळी वंदना झाली की मी तुझ्यासाठी मंगल कामना करते,” त्या म्हणाल्या. “पोरांच्याही आधी तुझं नाव घेते. मग इतके वर्ष ते कोणाले पोचून राह्यलं?”



त्यांनी पदराने डोळे पुसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. “असू दे. आता दोघांसाठी करत जाईन. तुझ्यासाठी आणि त्याच्यासाठी. त्याचं नाव मालूम झालं तर तेवढं सांगजो.”

काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. फोनवर अजूनही विचारतात, आणि मला अजून सांगता आलेलं नाही.