तार शाबूत, वेष्टन गेलं

"तार शाबूत आहे हो, वेष्टन गेलंय!"

असं म्हणून आमचे डॉक्टर डाव्या हाताचं एक बोट उभं धरायचे आणि उजव्या हाताचं बोट त्याच्याभोवती गोल गोल फिरवायचे. समोर कोण बसलंय याचं भान नाही. माणूस खरूज दाखवायला आलेला असो की पोटदुखी, बोट फिरायला लागलं की मी औषधांच्या खोलीत कपाळावर हात मारायचो. झालं, सुरू झालं कीर्तन!

आमचा मुलूख मध्यप्रदेशातून काढून मुंबई राज्याला जोडला, त्यानंतरची ही गोष्ट. ब्रह्मपुरीहून गडचिरोलीकडे निघालात की वैनगंगेच्या अलीकडे एका गावात सरकारी दवाखाना होता. मी तिथं कंपाउंडर. आणि सरकारनं हे पुण्याकडचं पार्सल आमच्या डोक्यावर आणून ठेवलं. गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा, आभाळात ढग नसताना काखेत छत्री. म्हशी चारणाऱ्या माणसालाही विचारायचे, "आपण कुठून आलात?" तो बिचारा मागं वळून बघायचा, आपल्यामागं कोण मोठा माणूस उभा आहे म्हणून.

असा एखादा साहेब तुमच्याही वाट्याला आला असेल. पुस्तक पाठ, माणूस कोरा.

त्यांच्या टेबलावर विजेच्या तारेचा एक तुकडा असायचा. गावात वीज नव्हती, हे लक्षात घ्या. दवाखान्यात कंदील, आणि टेबलावर विजेची तार! ती हातात घेऊन ते ज्यांनी जन्मात दिवा लागलेला पाहिला नाही त्यांना समजावायचे. नस म्हणजे ही आतली तार. तिच्यावर चरबीचं वेष्टन, पातळ, पांढरं, थरावर थर गुंडाळलेलं. त्याचं नाव मायलिन. त्या वेष्टनाला ठरावीक अंतरावर फटी असतात. बोटाकडून मेंदूकडे निघालेला निरोप सरपटत जात नाही, या फटीवरून त्या फटीवर उड्या मारत जातो, म्हणून क्षणात पोचतो. वेष्टन गेलं की उडी चुकते, निरोप वाटेतच मरतो.

बाहेर बाकावर बायका कुजबुजायच्या, "हे मायलीन कोन व्हय वो?"

"साहेबाची बायको असन. सारखी आठवन काढून राह्यला."

एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे बांधीतला चिखल तुडवत नाई जाचा, धुऱ्याधुऱ्यानं उड्या मारत जाचा. असंच ना जी?" बांधी म्हणजे आमच्याकडं धानाचं शेत, धुरा म्हणजे त्याचा बांध. साहेब खुर्चीवरून उठले आणि त्यांनी म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. मला हसू आवरेना. महिनाभर जे यांना सांगता आलं नाही ते त्यानं एका दमात सांगितलं होतं.

साहेबांची भाषा लोकांना कळायची नाही, म्हणून दुभाष्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. ते पाव तास बोलायचे, मी दोन वाक्यांत उरकायचो. उरलेलं सगळं मला फुकाचं वाटायचं. खरं सांगतो, मी त्या माणसाला काडीची किंमत देत नव्हतो.

मग कौतिकाबाई आली. गावातल्या बुरडाची बायको. सुपं विणावीत तर तिनंच, असं चार गावं म्हणायची. म्हणाली, "बांबूची कामटी बोटात घुसते जी, रगत येते, पन मले समजतच नाई." साहेबांनी तिच्या कोपराच्या मागं चाचपलं. तिथली नस दोरीसारखी जाड झाली होती. दंडावर एक फिकट चट्टा होता. तिला डोळे मिटायला लावून त्यांनी करंगळीवर कोंबडीचं पीस फिरवलं. तिला पत्ता नाही.

मला कळायचं ते कळलं. साहेब मला आतल्या खोलीत घेऊन गेले. "रोगाचं नाव तोंडातून काढायचं नाही," ते म्हणाले. "गाव तिला घरात राहू देणार नाही, तिच्या हातचं सूप कोणी घेणार नाही. आपण फक्त वेष्टनाचं सांगायचं." मी मान डोलावली. मनात म्हटलं, यांना काय, वेष्टनाच्या कीर्तनाला नुसतं निमित्त हवं.

बाहेर येऊन त्यांनी तार उचलली. ऊन चढलेलं, बाहेर पंचवीस माणसं ताटकळलेली, माझ्या पोटात कावळे. आणि यांचं अथपासून इतिपर्यंत सुरू. शेवटी म्हणाले, "गोळ्यांनी रोग थांबेल, पण हात आता मुका आहे. चटका बसला तरी निरोप जाणार नाही. चुलीपासून जपा. यापुढे हातानं जे कराल ते डोळ्यांनी बघत करा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांगा यांना."

मी सांगितलं, "बाई, नसीवरची चरबी गेली तुही. ह्या गोळ्या खा. आठा दिवसानं ये."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "येवढंच बोलले का जी साहेब?"

"येवढंच."

आठव्या दिवशी ती आली तेव्हा हाताला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती. नवरा बरोबर होता. तो मोठ्या उत्साहानं सांगायला लागला, "चरबी गेली म्हन्लं न तुमी, म्हून जंगलाकडच्या सोयऱ्यापासून अस्वलाची आनली. चांगली कढवून लावली जी."

"गरम नाही लागली?" मी विचारलं.

"नाई जी," कौतिकाबाई म्हणाली. "मले वाटलं, जिरून राह्यली. वास आला तवा समजलं."

साहेबांनी चिंधी सोडली. मी खिडकीबाहेर बघत होतो, तरी वास आलाच.

त्यांनी मला हळू आवाजात विचारलं, "चटक्याचं सांगितलं होतं ना तुम्ही?"

"तुम्ही बोललात तसंच्या तसं, साहेब."

आता हा माणूस बघा! कोणीही असता तर त्यानं बाईलाच विचारलं असतं. उलटतपासणी घेतली असती, माझी गचांडी धरली असती. हे महाशय खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मग माझंच चुकलं. चरबी हा शब्दच मी वापरायला नको होता." माझ्यासारख्याच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्याला काय म्हणायचं? मी तेव्हा मूर्ख म्हटलं.

दोन बोटं गेली. साहेबांनी स्वतः रोज मलमपट्टी केली, मला हात लावू दिला नाही. टेबलावरची तार दिसेनाशी झाली. बोटाभोवती बोट फिरवणं बंद झालं. त्याऐवजी त्यांनी एक वही केली आणि दुपारी माझ्यासमोर येऊन बसायला लागले. "चुलीपासून जपा, हे इथे कसं म्हणतात?" मी सांगायचो, ते लिहायचे. मग ते ओपीडीत बोलायचे, "बाई, हात डोऱ्यानं पाहाजा, आपण चुलीत नोका घालू!" डोरा म्हणजे आमच्या झाडीच्या बोलीत डोळा; त्यात मधेच आपलं पुण्याचं 'आपण'. अख्खा दवाखाना हसायचा. सगळ्यात मोठ्यानं मी हसायचो. लाज वाटायला हवी होती, ती वाटू नये म्हणून हसायचो, हे आज कबूल करतो. पण त्या बावळट बोलीत सांगितलेलं लोक ऐकत होते. पुढं मुका हात घेऊन आलेल्या एकानंही हात भाजून घेतला नाही.

दीड वर्षानं त्यांची बदली सिरोंच्याला झाली. मोटारीपाशी बरीच माणसं जमली होती. कौतिकाबाई सूप घेऊन आली. आठ बोटांनी विणलेलं, पण वीण अशी घट्ट की पाणी ओतलं तरी थांबावं. साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"डोऱ्यानं विनलं न बाई?"

"हो जी, डोऱ्यानंच."

ते मोटारीत चढले. खिडकीशी बसले आणि काय झालं कोणास ठाऊक, वहीतली सगळी बोली विसरले. सूप छातीशी धरून, थेट पुण्याच्या शुद्ध भाषेत तिला म्हणाले, "आपल्या बोटांचा अपराधी मी आहे. माझ्या बोलण्यात उणीव राहिली. जमल्यास क्षमा करावी." तेवढ्यात ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. साहेबांनी मला हात जोडले आणि नेहमीसारखं म्हणाले, "सांगा यांना."

मोटार धूळ उडवत निघून गेली. कौतिकाबाई माझ्याकडं वळली.

"काय बोलले जी साहेब?"

सगळं जिभेवर आलं होतं. अपराधी कोण, तेसुद्धा.

"संभाळून राहा म्हन्ले, बाई."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "येवढंच?"

"येवढंच," मी म्हणालो.