चन्नम्माच्या गोठ्यात माशी नाही

औरादला बाजाराच्या मागच्या गल्लीत चन्नम्माचा गोठा आहे. दोन म्हशी, एक रेडकू आणि वर पत्रे. वैशाखात गावातल्या हॉटेलांत भज्यांच्या परातीवर काळा थर बसतो, चहावाला एका हातानं चहा ओततो आणि दुसऱ्या हातानं माश्या वारतो, त्या दिवसांतही या गोठ्यात माशी शोधावी लागते. गल्लीतल्या लोकांना त्याचं आता नवल राहिलेलं नाही. पण सुकन्या या गल्लीत नवी होती. तिला हे ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच जे बोलायला नको होतं ते ती बोलून बसली.

सुकन्याचा नवरा श्रीहर्ष इथल्या हायस्कुलात शिकवतो. मागच्या जूनमध्ये कलबुर्गीहून बदली होऊन आला, सोबत आई अनसूयाबाई, बायको आणि तान्हा प्रणेश. बी.एस्सी. झालेली सुकन्या घर नीटनेटकं ठेवणारी, पाणी उकळून गाळून घेणारी. तरीही यंदा चैत्रात, सव्वा वर्षाच्या प्रणेशला जुलाब लागले. बीदरच्या दवाखान्यात चार दिवस सलाईन लावावं लागलं. गोबऱ्या गालांचं पोर चार दिवसांत म्हाताऱ्यासारखं दिसायला लागलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "वजन सात किलो नऊशे आहे, फार उतरलंय. एवढ्यात पुन्हा जुलाब लागले तर अवघड जाईल. त्याच्या खाण्यावर माशी बसू देऊ नका."

औरादपर्यंतच्या दीड तासात सुकन्याच्या कानात तेवढं एकच वाक्य राहिलं. घरात पाऊल टाकलं तर पाळण्याच्या दोरीवर ओळीनं सात माश्या बसलेल्या. तिनं मोजल्या.

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. पाळण्यावर मच्छरदाणी आली, वाटी-चमचा दर वेळी उकळत्या पाण्यात जाऊ लागला, खिडक्यांना जाळी ठोकली. फवारा मारावा तर लेकराच्या छातीत जाईल ही भीती. पोराला भरवायला बसली की एक हात चमच्यावर आणि दुसरा हवेत. अनसूयाबाई म्हणायच्या, "अगं, त्याला भरवायलीस का ओवाळायलीस?" सुकन्याला हसू यायचं नाही. आणि मागची खिडकी उघडली की समोर चन्नम्माच्या म्हशी रवंथ करत उभ्या दिसायच्या. शेण, म्हशी, माश्या. बी.एस्सी. झालेल्या बाईला यापुढं कुणी सांगायची गरज नव्हती.

चन्नम्मा साठीची. उंच, काटक, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची पेटी, मनगटं पुरुषासारखी. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला यायची. संध्याकाळी दूध घातलं की प्रत्येक घराच्या मागच्या दाराशी जायची, कारण गल्लीत एक जुनी रीत होती. भाजीची देठं, आंब्याच्या साली, तांदळाचं धुवण, उरलेली भाकरी, सगळं एका बादलीत साठायचं आणि ती बादली चन्नम्माच्या म्हशींची. म्हैस व्याली की त्या बादलीच्या बदल्यात घरोघरी खरवस यायचा. यात कुणी काही ठरवलेलं नव्हतं.

अशाच एका सकाळी चन्नम्मानं माप भरलं आणि सुकन्या म्हणाली, "अक्का, राग मानू नका. तुमच्या म्हशींमुळं घरात माश्या येतात. लेकरू आजारी आहे. गोठा गावाबाहेर हलवता येतो का बघा, नाही तर मला पंचायतीत अर्ज द्यावा लागेल."

माप हवेतच थांबलं.

"माझ्या गोठ्यातनं? माश्या?"

"मग कुठून येणार? शेण तिथंच आहे ना."

चन्नम्मानं दूध पातेल्यात ओतलं, पातेल्यावर स्वतःच्या हातानं झाकण ठेवलं, ते दाबून पाहिलं. मग म्हणाली, "शिकलेल्या हाव तुमी. द्या अर्ज." आणि गेली.

संध्याकाळी ती मागच्या दाराशी आली नाही. दुसऱ्या दिवशी सुकन्यानं पिशवीचं दूध सुरू केलं. चन्नम्मा शेजारच्या बादल्या न्यायची, या दारासमोरून मान वळवून जायची.

आता या घरात एक नवी अडचण उभी राहिली. अन्न केरात टाकायचं नाही, हा अनसूयाबाईंचा नेम. माहेरीही तोच होता, सासरीही तोच. अन्न जनावराच्या मुखी जावं. जनावर नसेल तर मातीत जावं, झाडाच्या पायाशी जावं, पण झाडलोटीच्या कचऱ्यात, घंटागाडीत जाऊ नये. सुकन्यालाही ते पटलेलं होतं. म्हणून परसातल्या केळीच्या बुडाशी अनसूयाबाईंनी वीतभर खड्डा केला. दिवस अक्षयतृतीयेचे, घरात रोज आमरस. साली, कोयी, उरलेला भात त्या खड्ड्यात जाऊ लागला. वर केळीचं वाळकं पान. दिसायला स्वच्छ, मनालाही बरं.

दहा-बारा दिवसांत घरातल्या माश्या दुप्पट झाल्या. दोरीवर आता सात नव्हत्या, मोजताच येत नव्हत्या. सुकन्याची खात्रीच पटली. चन्नम्मा मुद्दाम करते आहे, शेण खिडकीखाली आणून टाकते आहे, इथवर तिचं मन गेलं. तिनं कन्नडमध्ये अर्ज लिहिला, श्रीहर्षकडून तपासून घेतला. त्याच दिवशी सकाळी प्रणेशला दोनदा पातळ झालं. तिनं पोराला साखर-मिठाच्या पुडीचं पाणी पाजून सासूच्या मांडीवर दिलं, अर्ज आणि मोबाइल उचलला. अर्जाला पुरावा हवा म्हणून ती भर दुपारी चन्नम्माच्या गोठ्यात शिरली. फोटो काढायला.

मोबाइल धरला आणि ती तशीच उभी राहिली. फोटो कशाचा काढायचा?

शहाबादी फरशी धुऊन कोरडी. मुताची चारी उताराला लावलेली, तिच्यात पाणी ओतलेलं. गव्हाणीखाली राख पसरलेली. शेण कुठंच नाही. भिंतीवर गोवऱ्या, पण इतक्या पातळ की ताटल्याच वाटाव्यात, कडकडीत वाळलेल्या. म्हशींच्या शेपट्यासुद्धा धुतलेल्या. दाराशी खाटेवर चन्नम्माचा नवरा तिप्पण्णा. बीदरजवळच्या कोळारच्या एका गोदामात तीस वर्षं नोकरी करून घरी बसलेला. हातात माश्या मारायची, सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेली काठी.

"फोटो काढायलाव काय, बाई?" आतून चन्नम्मा आली. "थांबा, म्हशीला पावडर लावते."

सुकन्यानं मोबाइल खाली घेतला. तिनं छपराकडं पाहिलं, कोपऱ्यांत पाहिलं. पाण्याच्या हौदाच्या काठावर दोन माश्या होत्या. चन्नम्मानं तिची नजर पकडली.

"त्या दोन माझ्या न्हाईत. तुमच्याकडून आल्या असतील, पाहुण्या."

तिप्पण्णानं खाटेवरनं सांगितलं, "मला बी घरात आंबा खाऊ देत न्हाई ओ ही. बादलीवर वाकून खायचा, तोंड धुवायचं, मग आत. पंचवीस वर्सं झाली."

"तुमी गप बसा. दोन दिसायल्यात, मारा की!"

सुकन्याच्या हातातला अर्ज चुरगळला. "अक्का," ती म्हणाली. "प्रणेशला सकाळपासून दोनदा..."

चन्नम्माचा चेहरा बदलला. "डॉक्टरला फोन लावलास का?" पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'तू' आलं. "कामून उभी हायस मग? औषधाचं त्यांना विचार. ते माझं काम न्हाई. माश्यांचं माझ्याकडं सोड. चल."

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, पुडीचं पाणी चालू ठेवा, अंगावर पाजा, लघवी होतेय ना बघा. संध्याकाळपर्यंत थांबलं नाही किंवा पोर मलूल झालं तर सरळ घेऊन या. सुकन्या फोन ठेवते तोवर चन्नम्मा घरातून सरळ परसात पोचली होती. ती कुठंही थांबली नाही, इकडं-तिकडं पाहिलं नाही. नाक वर करून केळीपाशी गेली आणि पायानं वाळकं पान उलटलं.

साली काळ्या पडून लिबलिबीत झालेल्या. आणि ते सगळं हलत होतं. पांढऱ्या अळ्या, भातासारख्या.

"हा बघ तुझा गोठा," चन्नम्मा म्हणाली.

अनसूयाबाई दारातून पाहत होत्या. "अन्न होतं हो, अक्का. केरात कसं टाकावं?"

"केरात कामून टाकायचं? म्हशी हायत की!" चन्नम्मा उसळली. मग तिला आपलंच वागणं आठवलं असावं. आवाज खाली आला. "बादली मीच न्हाई नेली. अर्जाचा राग होता. माणसाचा राग लेकराच्या ताटात गेला बघा."

तिनं पदर खोचला आणि फावडं मागितलं. खड्ड्यातला सगळा चिखल, खालच्या ओल्या मातीसकट, बाहेर ओढून परसातल्या तापलेल्या फरशीवर पातळ पसरला. पातळ, अगदी तिच्या गोवऱ्यांसारखा. "वल राहिली की माशी आलीच. शेण असू, साल असू. आठ-दहा दिसांत अळीची माशी होती. सुकवलं की मरती. वैशाखाचं ऊन फुकट पडतंय वर, त्याला कामाला लावायचं." अर्ध्या तासात त्या फरशीवर काही हलत नव्हतं. खड्ड्यात चुना आणि राख टाकून तिनं तो माती दाबून बुजवला.

मग ती घरात आली. "आता आतल्यांना घालवायचं. खिडक्या लावा. पडदे ओढा. मागचं दार बंद. सगळं घर अंधारं करा."

"उकडेल लेकराला," सुकन्या म्हणाली.

"पाव तास. त्याला मच्छरदाणीत ठेव."

घर अंधारलं. पुढच्या दाराची एक फळी तेवढी हातभर उघडी. बाहेरचं ऊन त्या फटीतून आत पट्ट्यासारखं पडलं. चन्नम्मानं तीन पंचे भिजवून पिळले, एक स्वतः घेतला, एक सुकन्याला, एक अनसूयाबाईंना. "मारायचं न्हाई. मारलं की एक मरती, धा लपत्यात. नुसतं हाकायचं. मागच्या कोपऱ्यातनं सुरू करा, एका रांगेत चाला. अंधारात माशीला बसवत न्हाई, ती उजेडाकडं पळती."

तिघी मागच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि पंचे हलवत पुढं सरकू लागल्या. स्वयंपाकघर, मधली खोली, बैठक. चन्नम्मा म्हशी हाकल्यासारखा जिभेचा आवाज करत होती, मधूनच कन्नडमध्ये शिव्या घालत होती. आधी काही कळेना. मग त्या उन्हाच्या पट्ट्यात काळे ठिपके दिसू लागले, दाट होत गेले आणि फटीतून बाहेर ओढले गेल्यासारखे निघून जाऊ लागले. अनसूयाबाईंना तर जोरच चढला. "ती बघा, ती कॅलेंडरमागं! निघ मेले!" पाळण्यातून प्रणेश हे सगळं पाहत होता. तो खदखदून हसला. दवाखान्यातून आल्यापासून सुकन्यानं त्याचं हसू ऐकलं नव्हतं. तिचा पंचा क्षणभर थांबला.

"हात चालव!" चन्नम्मा ओरडली. "हसायला त्याला ठिवलंय."

शेवटी दार लागलं. पाळण्याची दोरी मोकळी होती. चन्नम्मानं ती दोरी काढून कडक पाण्यात टाकायला लावली. "रातच्याला हितंच बसत्यात. बसल्याचा वास राहतो, परत तिथंच येत्यात."

संध्याकाळपर्यंत ती पाळण्यापाशी बसून राहिली. म्हशींची धार त्या दिवशी तिप्पण्णानं काढली. दर थोड्या वेळानं ती विचारायची, "लघवी झाली?" आणि झाली म्हटलं की मान हलवायची. तेव्हाच तिनं सांगितलं. कोहिनूर गावाहून नवरी होऊन आली तेव्हा ती चौथी शिकलेली होती आणि तिला म्हशीची भीती वाटायची. सासूनं धार शिकवली. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका मोठ्या घरी दुधात माशी निघाली. त्यांनीच पातेलं उघडं ठेवलं होतं, पण नाव चन्नम्माचं झालं. गल्लीनं पूर्ण उन्हाळा तिचं दूध घेतलं नाही. रोज दोन म्हशींचं दूध तिनं ताक करून वाटलं. कुणाशी भांडली नाही. "भांडून कोण ऐकतंय? मी म्हटलं, माझ्याकडं माशीच ठिवत न्हाई. मग कोण बोलंल?"

"आणि मी बोलले," सुकन्या म्हणाली.

"बोललीस." चन्नम्मानं मच्छरदाणीची कड गादीखाली नीट खोचली. "लेकरासाठी बोललीस. त्या मोठ्या घरातली बाई चहासाठी बोलली होती."

दुपारनंतर प्रणेशला पुन्हा पातळ झालं नाही. दिवेलागणीला त्यानं भाताची पेज मागून खाल्ली. चमच्यावर वारायला हात वर गेला आणि सुकन्याच्या लक्षात आलं, वारायला काहीच नाही.

अर्ज तिनं चुलीत टाकायला काढला तर चन्नम्मानं तो घेतला, दिव्याखाली धरून सावकाश वाचला, घडी घालून कमरेला खोचला. "राहू दे माझ्यापाशी. एवढं शुद्ध कन्नड माझ्याबद्दल कुणी लिवलं न्हाई."

आता रोज संध्याकाळी सुकन्याच्या मागच्या दाराशी बादली असते, वर घट्ट झाकण, झाकणावर दगड. पुढच्या महिन्यात बीदरला वजन केलं, आठ किलो सहाशे भरलं. डॉक्टरांनी विचारलं, घरात काय बदल केला. सुकन्यानं सांगितलं, "दूध बदललं. पिशवीचं सोडलं, शेजारच्या अक्कांचं सुरू केलं." एवढ्यात सगळं कसं सांगायचं, हे तिला कळेना.

गल्लीच्या तोंडाशीच चन्नम्मा भेटली. "किती?"

"आठ सहाशे."

चन्नम्मानं प्रणेशला उचललं, दोन्ही हातांत तोलून पाहिलं, जणू काट्यावर तिचा विश्वास नव्हता. मग त्याच्या हातातला अर्धा खाल्लेला आंब्याचा काप काढून घेतला आणि म्हणाली, "हे घरात न्यायचं न्हाई. बादली कुठाय?"