रिकाम्या रकान्याची माणसं

माझे बाबा रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या फाटकांवर लाल बावट्याची पत्रकं वाटायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. त्यामुळे रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी मंडळानं वधूवर सूचक वेबसाइटचं काम माझ्याकडे दिलं, तेव्हा पहिल्याच बैठकीत मी भाषण ठोकलं: पोटजातीचा रकाना चालणार नाही!

मंडळाच्या चिटणीस काकूंनी हातातला चिवडा संपवला. "झालं तुझं? आता रकाना टाक. ज्याले नाही भरायचा, तो रिकामा सोडून देईल."

मी हरले. बाबांनी मात्र ताईच्या अर्जात तो रकाना अभिमानानं रिकामा ठेवला. ताई चौतिशीची. ती म्हणाली, "क्रांती तुमची अन् वाट पाहून राहिली मी." आमच्याकडे स्थळांची बोलणी सुरू व्हायची आणि पोटजातीच्याच प्रश्नावर संपायची.

वेबसाइट मी रुबी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिली. शोधाच्या अटी एकीला एक जोडलेल्या. वयाची अट यादी गाळणार, उरलेली यादी शिक्षणाच्या अटीकडे देणार, ती पुढच्या अटीकडे. शोधणाऱ्यानं एखादा रकाना भरलाच नाही, तर त्या अटीनं काही न गाळता यादी तशीच पुढे द्यायची. तशी एक ओळ मी प्रत्येक अटीत घातली होती. पोटजातीची अट सगळ्यात शेवटी, दातओठ खात लिहिली. तिच्यात ती ओळ राहून गेली.

वेबसाइट सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. "काहून गं, पोटजात रिकामी ठेवून शोधलं तर मुलींमध्ये एकटी तुझी बहीण दिसून राहिली! अन् मुलांमध्ये एकटा उरल्याच्या रोलिंग मिलचा इंजिनीयर. बाकी रायपूर गेलं कुठं?"

कॉम्प्युटरनं रिकामं उत्तर शब्दशः घेतलं होतं. ज्यांचा स्वतःचा रकाना रिकामा, तेवढेच तो दाखवत होता.

मी दुरुस्ती करायला बसले. मागून ताईनं त्या इंजिनीयरचा अर्ज वाचला. "आज राहू दे."

"ताई, चूक आहे ही. लोकांना अर्धवट यादी दिसतेय."

"इतकी वर्षं मी कोणाले दिसली नाही, तेव्हा कोणाले चूक नाही सापडली!"

मी कीबोर्ड बाजूला सारला. काकूंना मी सांगितलं, सर्व्हरला वेळ लागतो. शुद्ध थाप होती. ताईनं त्याला निरोप पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं, 'भेटू या.' त्यानंतरच मी ती ओळ घातली आणि सगळं रायपूर परत आलं.

पहिल्या भेटीत ताईनं त्याला विचारलं, "पोटजातीचा रकाना तत्त्व म्हणूनच रिकामा ठेवला ना?"

तो ओशाळला. "शिफ्ट करून आलो होतो. अर्ज भरता भरता झोप लागली. त्याच्यापुढचे रकानेही रिकामेच आहेत माझे."

ताई हसत घरी आली, आणि लग्नाला हो म्हणाली. बाबा जावयाला आजही कॉम्रेड म्हणतात. झोपेचं त्यांना आम्ही सांगितलेलं नाही.