वहीत नसलेले दोन हिवाळे

मंगळवार, सकाळचे दहा बावन्न. अड्याळपासून सात किलोमीटरवरच्या एका शाळेच्या व्हरांड्यात विशेष शिक्षिका भावना रामटेके सतरंजीवर अक्षरांची कार्डं मांडत होत्या. समोर तिसरीतली माही. तिला सहा अक्षरं येत होती.

"नाव टाकून द्या यादीत, मॅडम," वर्गशिक्षक धनंजय सर दारातून म्हणाले. ते जूनमध्येच बदलून आले होते. "डोकंच नाही चालत तिचं. फॉर्म आज पाचपर्यंत पवनीला, तालुक्याच्या ऑफिसात पाठवाचा आहे."

यादी अध्ययन अक्षम मुलांची. त्यात खरोखर बसणाऱ्या मुलाला मदत मिळते. चुकून बसलेल्याला वर्गात मागचा कोपरा मिळतो, आणि शिकवणं थांबतं. सोळा वर्षांच्या नोकरीत भावनाताईंनी असं एक चुकीचं नाव स्वतः लिहिलं होतं, आठ मिनिटांत. तेव्हापासून त्या आधी जुन्या वह्या मागतात.

वह्या माहीची आजी कौशल्याबाई घेऊन आल्या, पातळाच्या पदरात बांधून.

पहिलीच्या वहीत एका पानावर तारीख अठ्ठावीस नोव्हेंबर. पुढच्याच पानावर सहा एप्रिल. दुसरीच्या वहीतही तेच. हजेरीपटावर मात्र माही दोन्ही वर्षं रोज हजर होती. शाळेचा पट घटू नये म्हणून आधीच्या शिक्षकांनी मांडलेली.

"आजी, ह्या दिवसांत कुठं होती ही?"

"तेलंगणात. मायबापासंगं, मिरची तोडाले. लहान्या भावाले कोण धरन मंग? औंदा मीच नाही धाडली." मग सरांकडे वळून, "अन् डोकं कायले नाही चालत? एक डाव गोष्ट सांगतली तं पुरी सांगते. मलेच टोकते!"

हजेरीपट उघडा होता, तो सरांनी मिटला.

भावनाताईंनी माहीला न येणारी तीन अक्षरं निवडली: झ, ध, भ. बारा मिनिटं शिकवली. खिचडी झाल्यावर विचारली. दोन बरोबर आली. ध दाखवल्यावर माही घ म्हणाली. तीन वाजता पुन्हा विचारली. तिन्ही बरोबर.

"म्हणजे काहीच अडचण नाही तिले?" सरांनी विचारलं.

"ते आज नाही सांगता येत. शिकवल्यावर राहते, एवढं दिसलं. आधी सहा आठवडे रोज शिकवा. तरी नाही आलं तर मी स्वतः नाव लिहीन."

"रोज मले कुठं जमते, मॅडम? दोन वर्ग आहेत माझ्याकडं."

"पंधरा मिनिटं. परिपाठ झाल्यावर."

कौशल्याबाई म्हणाल्या, "सर, मी आणून बसवतो तिले. तुमी फक्त शिकवा."

पाचला यादी पवनीला गेली. तिच्यात माहीचं नाव नव्हतं.

उद्या बुधवारी परिपाठ पावणेअकराला संपतो. माहीचा पाठ तेव्हापासून अकरापर्यंत, सरांच्या टेबलाजवळ, झ पासून. भावनाताई त्या वेळी दुसऱ्या शाळेत असतील. इथे त्यांची पुढची फेरी मंगळवारी आहे.