दाराबाहेर अण्णांच्या चपला

जिभेवर कापूर पेटवून दाखवणारी बाई म्हणून मी आमच्या नाशिकरोडच्या शाळेत ओळखली जायचे. विज्ञान शिकवायचे ना... लिंबातून रक्त, नारळातून फुलं, पाण्याने पेटणारा यज्ञ, सगळे प्रकार वर्गात करून दाखवून त्यातली हवा काढून टाकलीय. स्टाफरूममध्ये कुणी भुताचं काही सांगायला लागलं की बाकीचे आधी म्हणायचे, "शोभाताईंना बाहेर पाठवा, नाहीतर मजा जाते." तेव्हा हे वाचून माझे जुने विद्यार्थी हसतील. हसा बापड्यांनो. मीही हसलेच असते.

गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची, आणि ती घडली सिडकोतल्या आमच्या घरापासून फार लांब, थेट व्हिएन्नात. पण सुरुवात घरापासूनच करायला हवी.

आमचे वडील, अण्णा, ओझरच्या कारखान्यात फिटर होते. सकाळी कारखान्याची बस यायच्या आधी घरातल्या सगळ्यांचे बूट-चपला पुसून, ब्रश मारून, दाराबाहेर ओळीने मांडायचे हा त्यांचा नेम. आम्ही घरात शिरताना काढलेल्या चपलांची तोंडं साहजिकच घराकडे असायची. अण्णा ती फिरवून रस्त्याकडे करायचे. म्हणायचे, "पाय घातला की निघता आलं पाहिजे." स्वतःच्या कातडी चपलांना पॉलिश नाही, खोबरेल तेलाचा हात. माझ्या लहानपणीच्या सकाळी म्हणजे ब्रशचा सपसप आवाज आणि पॉलिश-खोबरेलाचा तो एकत्र वास. अजून नाकात आहे.

अण्णा अचानक गेले. हार्ट अटॅक. त्यांच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, शालिमार चौकातल्या चांभाराकडून शिवून आणतो म्हणत होते, ते राहिलंच. दहाव्याला जोडे आणि छत्री दान देतात, तेव्हा आईने नवा जोड आणून दिला. जुन्या चपला ठेवून घेतल्या. आणि रोज दिवेलागणीला त्या दाराबाहेर मांडायला लागली. मी लग्न केलेलं नाही (तो वेगळा विषय), त्यामुळे घरात आम्ही दोघीच. आईचं माहेर सायखेड्याचं, तिचं बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. म्हणाली, "दोन बायांचं घर हाय. दाराशी पुरुषाच्या चपला दिसल्या म्हंजे येणारा-जाणारा दबकून राहतो." यात वाद घालण्यासारखं मला काही वाटलं नाही.

माझा धाकटा भाऊ मिलिंद तेव्हा व्हिएन्नात नोकरीला होता. अण्णा गेले त्या आठवड्यात त्याचा पासपोर्ट तिथल्या सरकारी ऑफिसात अडकलेला. येऊ शकला नाही. अग्नी चुलतभावाने दिला. मिलिंद फोनवर लहान पोरासारखा रडत होता, मी स्वतः ऐकलंय. पण आईने जे मनात धरलं ते धरलं. त्याचा फोन आला की रिसीव्हर माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात जायची. वर्षाहून जास्त हे चाललं. "माझ्या तोंडून त्याचं नाव निघायचं नाय, आन् त्याच्या घरात माझा पाय पडायचा नाय," एवढं एकच वाक्य.

मग मिलिंदचं लग्न ठरलं. मुलगी तिकडचीच, कात्रिन. लग्न तिथल्या रजिस्टर ऑफिसात. मिलिंदचं मागणं फार मोठं नव्हतं. लग्नानंतर कात्रिनने त्याच्या फ्लॅटच्या दारात तांदळाचं माप ओलांडावं आणि आत आईने आरतीचं ताट घेऊन उभं राहावं. बस. "ताई, आत कुणी घ्यायलाच नसेल तर माप कशाला ठेवायचं गं?" हे त्याने मला फोनवर विचारलं, आणि रिसीव्हर ठेवून मी सरळ स्वयंपाकघरात गेले. आईशी मी कडाकडा भांडले. शेवटी ती यायला तयार झाली, पण अटीवर. अक्षता टाकीन. घरात येणार नाही, त्याच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. आता सख्ख्या लेकाच्या गावात जाऊन आईला राहायला हॉटेल! मिलिंदने बुकिंग केलं.

हॉटेल बाहेरून शंभर-सव्वाशे वर्षांचं, खिडक्यांवर दगडी बायकांचे चेहरे. आतून मात्र सगळं पोखरून नवंकोरं केलेलं. पांढरं, करडं, काच, स्टील. जुन्याचा मागमूस नाही. दार किल्लीने नाही तर कार्डाने उघडायचं, तेच कार्ड भिंतीत खुपसलं की दिवे लागायचे. एक खुर्ची अशी की आई बसली तर मला हाताला धरून उठवावी लागायची. आणि बाथरूमची भिंत काचेची! आईने ती बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि बॅगेतून नऊवारी काढून त्या काचेवर सोडली. "शिकलेल्या लोकांना लाज नसती का गं?" एवढंच म्हणाली. बाहेर लांबच लांब पॅसेज, जाड गालिचा, पावलाचा आवाज नाही. छताला दिवे नाहीत, भिंतीच्या पायथ्याशी फिका उजेड वाहत जायचा... पाण्यात चालल्यासारखं वाटायचं. दाराला उंबरा नव्हता. आईला ते फार खटकलं.

जूनचे दिवस. रात्री नऊ वाजले तरी बाहेर उजेड, दिवेलागण कधीची धरायची हेच आईला कळेना. शेवटी तिने अंदाजाने बॅग उघडली, आणि पेपरात गुंडाळलेल्या अण्णांच्या चपला बाहेर आल्या! मी थक्क. तिने दार उघडून त्या पॅसेजमध्ये मांडल्या, शेजारी तिच्या, मग माझे कॅनव्हासचे बूट. म्हटलं, "आई, हे हॉटेल आहे, इथे कुणी असं ठेवत नाही."

"दोन बायाच हायेत ना हितंबी?" आई म्हणाली आणि झोपली.

पहाट तिथे फार लवकर होते. झोपेतच मला तो आवाज आला. सपसप... सपसप... आणि वास. पॉलिश, खोबरेल. मी सिडकोतल्या घरात होते, शाळेची वेणी घालायची होती, मी कूस बदलून म्हणाले, "पाच मिनिटं अण्णा," आणि पुन्हा झोपले. इतकं साधं होतं ते. भीती नाही, काही नाही, उलट कितीतरी महिन्यांनी इतकी गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा दार सताड उघडं आणि आई दारात मांडी घालून बसलेली. तिन्ही जोड लख्ख. माझ्या बुटांवरची विमानतळाची धूळसुद्धा गेलेली. अण्णांच्या चपला तेलाने चमकत होत्या. आणि सगळ्यांची तोंडं बाहेर. आईला वाटलं मी केलं, मला वाटलं आईने. खोबरेलाची बाटली बघितली. नाशिकहून निघताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मीच गाठ मारली होती, ती गाठ तशीच.

मी लगेच रिसेप्शनवर गेले. तिथली मुलगी गोड होती, इंग्रजी चांगलं बोलायची. ती म्हणाली की फार पूर्वी इथे पद्धत होती. पाहुणे रात्री खोलीबाहेर बूट ठेवायचे, हॉटेलचा माणूस पहाटे पॉलिश करून जागेवर ठेवायचा. पण ते जुन्या हॉटेलात. आता लिफ्टशेजारी मशीन आहे, त्यात पाय घालायचा. "आता असं कुणी करत नाही," ती म्हणाली, आणि मला मशीन दाखवायला घेऊन गेली. मशीनला तेलाचा वास नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या पहाटे मी जागी राहायचं ठरवलं. शास्त्राची बाई ना मी! आवाज सुरू झाला तशी अनवाणी दाराशी गेले आणि दाराच्या भिंगातून बघितलं. रिकामा पॅसेज, फिका उजेड. ब्रशचा आवाज मात्र चालूच, अगदी दारापलीकडे. मी दार उघडलं आणि तो थांबला. शिक्षक आल्यावर वर्ग गप्प होतो तसा. खाली चपला, तोंडं बाहेर. डाव्या चपलेचा तुटका अंगठा शिवलेला होता. बारीक, घट्ट टाके. कातड्याला हात लावला तर ते कोमट होतं.

आईने चपला हातात घेतल्या, टाके बोटाने चाचपले. मी तिला सांगत होते की हे शक्य नाही, आपल्याकडे सुई नाही, तुझी सुयांची पुडी विमानतळावर काढून घेतली... ती ऐकतच नव्हती. "शिवली वाटतं एकदाची," म्हणाली. जणू अण्णा आत्ताच शालिमारहून आलेत.

दुपारी मिलिंद आला. कार्डाशिवाय लिफ्ट आमच्या मजल्यावर यायची नाही, म्हणून त्याला घ्यायला मी खाली गेले. माझा सगळा संशय त्याच्यावर, आईचं मन वळवायला केलं असेल म्हणून मी त्याला बाजूला घेऊन झापलंच. अण्णांच्या चपला अजून आहेत हेच त्याला माहीत नव्हतं. वर आल्यावर दाराबाहेर त्या दिसल्या तसा तो तिथेच गालिच्यावर फतकल मारून बसला, चपलांवर हात ठेवला आणि मान खाली घातली. आई दारात उभी होती. शेवटी मला म्हणाली, "त्याला सांग, जमिनीवर नको बसू, पॅन्ट खराब होईल." वर्षभरात लेकासाठी तिच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द, तेही माझ्याकरवी. मला वाटलं, आता पाझरेल. कसलं काय. संध्याकाळी पुन्हा तेच, घरात पाय ठेवणार नाही. मी वैतागून झोपले.

लग्नाच्या दिवशी सकाळी मला आवाजाने नाही, शांततेने जाग आली. दाराबाहेर आईच्या चपला होत्या, माझे बूट होते. अण्णांच्या चपला नव्हत्या.

आई जी मटकन बसली... ते तोंड मी विसरणार नाही. अण्णा गेले तेव्हाही ती अशी खचली नव्हती. "गेले गं," एवढंच म्हणत होती. मी पॅसेज पालथा घातला, रिसेप्शनच्या मुलीने साफसफाईवाल्या बायकांना विचारलं, कचऱ्याच्या पिशव्यासुद्धा बघितल्या. कुठे काही नाही. आई लग्नाची साडी अर्धवट नेसून पलंगाच्या कडेवर बसलेली. मी येत नाय, म्हणाली. मला रडू यायला लागलं, चपलांसाठी की मिलिंदसाठी, कळेना.

तेवढ्यात खोलीतला फोन वाजला. मिलिंद. आवाज कसातरीच. "ताई, आई आलीय का इकडे? खाली कुठे उभी आहे का?"

"ती इथेच आहे. का रे?"

"मग अण्णांच्या चपला माझ्या दाराबाहेर कशा?"

"अण्णांच्या चपला? तुझ्या दाराबाहेर?" मी म्हणाले. आईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि रिसीव्हर माझ्या हातातून काढून घेतला. जी बाई वर्षभर त्याच्या फोनला शिवली नव्हती, तिने विचारलं, "तोंडं कुनीकडं हायेत चपलांची?"

पलीकडे तो बघायला गेला असणार. मग मलाही ऐकू आलं, "घराकडे, आई. दाराकडे."

आईने डोळे मिटले. "म्हंजे ते आत आलेत," ती म्हणाली. "चपला नको हलवू. मी येती."

टॅक्सीतून आम्ही गेलो. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कालव्याच्या पलीकडे. इमारतीचं खालचं दार कुलूपबंद, बटण दाबून वरून उघडावं लागलं. तिसरा मजला. दाराबाहेर एकट्या अण्णांच्या चपला, तेल लावलेल्या, कुणीतरी नुकत्याच काढून आत गेल्यासारख्या. आईने शेजारी स्वतःच्या चपला काढल्या, अगदी खेटून. मिलिंद दारात उभा होता, त्याला कळेना पाया पडावं की काय करावं. आई त्याच्या बाजूने आत गेली, पहिल्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "पाणी दे रे."

तो पाणी आणायला गेला आणि स्वयंपाकघरातून बराच वेळ आलाच नाही. आत रडत होता. आई शांत बसून वाट बघत होती. रजिस्टर ऑफिसात लग्न लागल्यावर त्या दुपारी कात्रिनने माप ओलांडलं, इतक्या जोरात की तांदूळ सोफ्याखालपर्यंत गेले. आई ओवाळताना हसत होती.

आता तुम्ही विचाराल ते मी स्वतःला हजारदा विचारलंय. आईने नेल्या? तिला ती लिफ्ट वापरता येत नव्हती, पत्ता माहीत नव्हता. मी झोपेत चालत गेले? मला टॅक्सीवाल्याला पत्ता कागद दाखवून सांगावा लागला. मिलिंदने? त्याच्याकडे आमच्या मजल्याचं कार्ड नव्हतं, आणि तो आवाज, फोनवरचा, खोटा काढता येणारा नव्हता. हॉटेलच्या पूर्वीच्या त्या पॉलिशवाल्याने बूट चमकवले असं एकदा मानलंही असतं मी, पण तोंडं बाहेर करायची सवय त्याला कुणी लावली, आणि लेकाचं घर त्याला कुणी दाखवलं? कापूर का भाजत नाही ते मी आजही सांगू शकते. हे नाही सांगता येत.

परत निघताना मी चपला बॅगेत घ्यायला वाकले तर आईने हात धरला. राहू दे, म्हणाली. त्या तिथेच राहिल्या.

नाशिकला आल्यावर आमच्या दाराबाहेर आम्हा दोघींच्याच चपला. पहिल्या संध्याकाळी मी विचारलं, "आई, आता भीती नाही का वाटणार?"

ती देवापुढचा दिवा लावत होती. मागे न बघता म्हणाली, "कसली भीती? हायेत की ते. लेकाकडं गेलेत राहायला."